१०८ च्या गाडीतला प्रत्येक रुग्ण जिल्ह्यालाच का न्यायचा?

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय नाजूक आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. कुणाला गाडी नाकारा असं मी म्हणत नाही. फोन आला की गाडी निघालीच पाहिजे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: गाडीत घेतलेल्या रुग्णाला न्यायचं कुठे?

आमचा भाग उमरखेडकडचा. यवतमाळ आम्हाला शंभर किलोमीटरच्या वर पडतं, त्यापेक्षा नांदेड जवळ. गाडी एकदा जिल्हा रुग्णालयाच्या वाटेला लागली की जाणं, केसपेपर, स्ट्रेचर मोकळं होण्याची वाट आणि परतीचा रस्ता यात अर्धा दिवस जातो. तेवढा वेळ मागच्या गावांना वाली नाही. राज्यात ही सेवा २०१४ साली सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या मोठ्या. २०११ च्या जनगणनेतली ११ कोटी २४ लाख लोकसंख्या धरली तर साधारण १ लाख २० हजार माणसांमागे एक गाडी होते. शहरात एवढी माणसं दोन-चार वॉर्डांत मावतात. आमच्याकडे ती शंभरावर गावांत, पोडांवर आणि तांड्यांवर पसरलेली आहेत.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या गावात एका बाईला बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला. तालुक्याची गाडी त्या वेळी एका तरुणाला घेऊन जिल्ह्याला गेलेली. दोन दिवसांचा ताप, स्वतःच्या पायांनी गाडीत चढलेला. बाईला शेवटी पिकअपमधली खताची पोती उतरवून, गादी टाकून नेलं. ती वाचली. त्या पोराचाही दोष नाही, कारण त्याच्या गावातून संध्याकाळची एसटी गेली की बाहेर पडायला काहीच नाही.

आता माझं म्हणणं. आपल्याकडे १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो. त्यानं तपासावं, नाडी, बीपी, ऑक्सिजन, साखर बघावी, आणि रुग्ण गंभीर नसेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन तिथल्या डॉक्टरच्या हवाली करावं. सपाट भागात ३० हजार लोकसंख्येला आणि आदिवासी भागात २० हजारांना एक पीएचसी असा निकष आहे, प्रत्येकीत सहा खाटा धरलेल्या आहेत. गाडी तासाभरात मोकळी होईल. रुग्णाचाही यात फायदा आहे. जिल्ह्याला नेताना गाडी फुकट असते, पण तिथून सुट्टी झाली की परत यायचं आपल्या पैशानं. सोबतचा माणूस अडकतो, कापूस वेचणीच्या दिवसांत दोघांची मजुरी बुडते, वरून जेवणाखाण्याचा खर्च.

या कामात असलेल्यांनी आवर्जून लिहावं.

तुरीचं_शेत

दादा, तुमचं म्हननं पटते. पन आधी रात्री पीएचसीत जाऊन पाहा. बाहेर ट्यूबलाइट सुरू, चॅनल गेट ओढलेलं, आतमंधी एकटी सिस्टर. डॉक्टर तालुक्याच्या ठिकानी राहते. सिस्टर फोन लावते, तिकडून सांगनं येते की गोळी द्या अन् सकाळी पाठवा. मंग मानूस १०८ काहून नाही बलावनार? गाडीत निदान डॉक्टर तरी भेटते.

मागच्या मे महिन्यात माह्या बापाले चक्कर आली, बरळाले लागला. एका दवाखान्यात नेलं तं म्हने गॅस झाला. संध्याकाळी अंग तापलं तव्हा समजलं का ऊन लागलं होतं. दोन दिवस अ‍ॅडमिट होता. 'कमी तातडीचा' हा शिक्का मारनार कोन, अन् चुकला तं जबाबदार कोन, थे आधी लिहा.

फिरतीवर

मी १०८ वर ईएमएसओ, म्हणजे गाडीवरचा डॉक्टर आहे, बीएएमएस. जिल्हा सांगत नाही.

धागाकर्त्यानं मांडलेलं चित्र बरोबर आहे, पण अर्धंच आहे. आमची गाडी तापाच्या रुग्णानं अडकते तेवढीच, किंबहुना जास्त, दवाखान्यातून दवाखान्यात रुग्ण हलवण्यात अडकते. पीएचसी ग्रामीण रुग्णालयाला पाठवते, ग्रामीण रुग्णालय जिल्ह्याला, जिल्हा नागपूरच्या मेडिकलला. प्रत्येक चिठ्ठीवर एकच ओळ: पुढील उपचारासाठी रेफर. काही वेळा खरंच गरज असते. काही वेळा भूलतज्ज्ञ रजेवर आहे, सोनोग्राफीची मशीन आहे पण चालवणारा नाही, रविवार आहे, एवढंच कारण असतं. म्हणजे खालचे रुग्ण खालीच ठेवायचे म्हटलं तर पहिला चाप वरच्या दिशेच्या रेफरला लागला पाहिजे. नाहीतर मी रात्री एक वाजता पीएचसीत सोडलेला रुग्ण तीन वाजता मलाच पुन्हा उचलून जिल्ह्याला न्यावा लागेल.

आजही आम्ही काही रुग्ण पीएचसीत सोडतो. पण ते ओळखीवर चालतं. तिथले डॉक्टर मुक्कामी आहेत हे माहीत असेल तर मी बिनधास्त गाडी तिकडे वळवतो. माहीत नसेल तर सरळ जिल्हा. रुग्णाला बंद दारासमोर उतरवण्याची जोखीम कोणताही ईएमएसओ घेणार नाही, आणि घेऊही नये.

आणखी एक. नातेवाईक गाडीत बसले की म्हणतात, "साहेब, मोठ्या दवाखान्यातच न्या." त्यांना समजवायला वेळ लागतो, आणि हातात लेखी काही नसलं की आमचा आवाज खाली येतो. रुग्णाच्या कोणत्या खुणा असतील तर पीएचसी आणि कोणत्या असतील तर थेट पुढे, असा एक सहीशिक्क्याचा कागद गाडीत लावलेला असला तर अर्धं भांडण तिथेच मिटेल.

साधी_आशा

आम्हालाच रात्री उठवतात. १०२ ची गाडी गरोदर माय आणि लहान बाळासाठी आहे, घरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून घरी सोडायला. तापाच्या म्हाताऱ्यासाठी ती मिळत नाही. मग १०८ शिवाय दुसरा नंबर आम्ही सांगणार कोणता?

ऑरेंजसिटी

बाहेरून बघणाऱ्याचं मत. साध्या कारणासाठी गाडी बोलावणाऱ्याला दोनशे रुपये दंड लावला तर आपोआप फरक पडेल. फुकट असलं की वापर वाढतोच.

पैनगंगाकाठ

@ऑरेंजसिटी, हे मला अजिबात मान्य नाही. दोनशे रुपये म्हणजे आमच्याकडे शेतमजूर बाईची जवळपास दिवसाची मजुरी. दंड लागला तर ज्याच्याकडे पैसे आहेत तो तरीही फोन करेल. नसलेली बाई मात्र छातीत दुखत असताना सकाळ होण्याची वाट बघेल. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यानं सरकारी दवाखान्यांतले उपचार मोफत केले ते याचसाठी. आपल्या दुखण्याची तातडी किती हे ओळखणं रुग्णाचं काम नव्हे, ते डॉक्टरचं काम आहे.

यॉर्कशायरची_वैदर्भी

मी मूळची आर्वीची, आता इंग्लंडमध्ये रुग्णवाहिका सेवेच्या कंट्रोल रूममध्ये नर्स आहे. इकडे हे काम कसं चालतं ते सांगते. तिकडे जसंच्या तसं लागू पडेल असा दावा नाही.

इथे ९९९ ला, म्हणजे इथल्या १०८ ला, आलेल्या फोनचे २०१७ पासून चार वर्ग आहेत. पहिल्या वर्गाला, म्हणजे हृदय बंद पडणं वगैरे, सरासरी ७ मिनिटांत पोहोचायचं. दुसऱ्याला सरासरी १८ मिनिटांत. तिसऱ्या वर्गातल्या दहापैकी नऊ रुग्णांकडे २ तासांच्या आत आणि चौथ्यातल्या दहापैकी नऊंकडे ३ तासांच्या आत पोहोचायचं. ही लक्ष्यं आहेत, दर वेळी गाठली जातात असं नाही. गेली काही वर्षं दुसऱ्या वर्गाची लोकं फार ताटकळलीत. तिसऱ्या-चौथ्या वर्गातल्या बऱ्याच रुग्णांना माझ्यासारखी नर्स किंवा पॅरामेडिक परत फोन करते आणि नीट विचारपूस करते. काहींचं फोनवरच भागतं. काहींकडे गाडी जाते, तिथेच उपचार होतात, रुग्ण घरीच राहतो. काहींना फॅमिली डॉक्टरकडे किंवा अर्जंट ट्रीटमेंट सेंटरकडे पाठवलं जातं. ही सेंटर रोज किमान १२ तास उघडी असतात आणि तिथे कोणते उपचार होतात हे आम्हाला स्क्रीनवर दिसतं. समोर कोण आहे हे माहीत असतं म्हणून आम्ही तिकडे पाठवू शकतो. @फिरतीवर यांचं बंद दाराचं म्हणणं म्हणूनच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

दुसरी गोष्ट, रुग्णाला गाडीशिवाय सोडताना आम्ही एक काम कधीच चुकवत नाही. काय झालं तर पुन्हा फोन करायचा, हे त्याच्या घरच्यांकडून वदवून घेतो. "समजलं ना?" असं विचारत नाही. "आता तुम्ही मला सांगा, कशावर लक्ष ठेवाल?" असं विचारतो. समोरचा अडखळला की कळतं, त्याच्या डोक्यात काहीच शिरलेलं नाही.

अमेरिकेतही मेडिकेअरनं, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यानं, २०२१ मध्ये अशीच योजना सुरू केली होती. एरवी तिथे रुग्णाला हॉस्पिटलात नेलं तरच गाडीला पैसे मिळतात, म्हणून प्रत्येकाला हॉस्पिटलातच नेलं जातं. या योजनेत क्लिनिकला नेलं किंवा जागेवर उपचार केले तरी पैसे मिळणार होते. पाच वर्षांची ठरली होती, २०२३ च्या शेवटीच बंद झाली, कारण सेवा देणाऱ्यांचा सहभाग आणि रुग्णांची संख्या दोन्ही अपेक्षेपेक्षा फार कमी राहिली. कागदावर बरोबर असलेली गोष्ट जमिनीवर उतरायला पलीकडचं क्लिनिक तयार असावं लागतं.

मोहफूल

गडचिरोलीकडून लिहितोय. फोनवरून तातडी ठरवायची म्हटलं तर आमच्याकडे आधी भाषेचा प्रश्न येतो. कंट्रोल रूम पुण्यात. इथल्या आजीला माडिया येते, फार तर गोंडी. फोन तिचा नातू करतो, तो आठवीत. "आजीला बरं नाही" यापलीकडे त्याला सांगता येत नाही. तेवढ्यावर कुणी कमी तातडीचा वर्ग ठरवला तर ते धोक्याचं आहे. गाडीतल्या डॉक्टरनं हात लावून बघितल्याशिवाय आमच्या भागात निर्णय होऊच नये.

सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचं, विसरू नका. नुसता ताप म्हणून आलेलं पोर सिकलसेलचं असलं तर तो ताप साधा नसतो. विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि काही अनुसूचित जातींच्या समाजांत हा आजार पुष्कळ आहे. सिकलसेलचं कार्ड आहे का, हा प्रश्न तापाच्या प्रत्येक रुग्णाला पहिल्यांदा विचारला पाहिजे. सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर आहे, तिथली माणसं तेलंगणात जातात. त्यांना जवळची पीएचसी सुधारून मिळाली तर धागाकर्त्याची मागणी सगळ्यात आधी तेच उचलून धरतील.

पहिला_मुक्काम

पीएचसीचा वैद्यकीय अधिकारी. मुख्यालयी राहतो, क्वार्टर पावसाळ्यात गळतं, पण राहतो. त्यामुळे @तुरीचं_शेत यांचा राग समजतो आणि झोंबतोही.

'पीएचसी म्हणजे किरकोळ आजारांची जागा' ही समजूत आधी सोडू या. काही अत्यंत तातडीच्या रुग्णांनीही पहिल्यांदा पीएचसीतच थांबायला हवं. साप चावलेला माणूस घ्या. घोणस किंवा मण्यार चावलेल्याला थेट जिल्ह्याला पळवण्यात दोन तास जातात, आणि विषाविरुद्धचं इंजेक्शन माझ्या फ्रीजमध्ये आहे. पहिला डोस इथे सुरू करून मग पाठवायला हवं. विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला, ती गोळी स्वस्त आहे आणि वेळेत दिली तर जीव वाचवते. उलट अर्धांगाच्या झटक्यात माझ्याकडे थांबण्यात अर्थ नाही. रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड झालं की माझ्या दारात न थांबता थेट पुढे जा.

आता फसवणारे रुग्ण. ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणीचे दिवस. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. असा माणूस सुरुवातीला चालत येतो. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधुक. बाहेरून बघणाऱ्याला पित्त वाटतं. मी बॅटरी मारून डोळे बघतो. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली असली, तोंडाला लाळ सुटलेली असली, की अ‍ॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचं औषध, काढतो आणि त्याच्या अंगावरचे कपडे उतरवून साबणानं धुवायला लावतो. कारण सदऱ्यातलं फवारणीचं औषध अजून कातडीतून आत जातच असतं. कपड्याला वास येतोय का, आज शेतात काय केलं, हे दोन प्रश्न गाडीतच विचारले गेले पाहिजेत.

तापाचंही असंच. २०१८ साली विदर्भात स्क्रब टायफसचे, म्हणजे बारीक किडा चावून येणाऱ्या तापाचे, रुग्ण सापडले. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली काळी खपली शोधावी लागते, रुग्ण स्वतःहून दाखवत नाही. सापडली तर डॉक्सिसायक्लिन देता येतं, तेही पीएचसीतच. असा रुग्ण माझ्याकडे वेळेत आला तर जिल्ह्याला जायची वेळच येत नाही.

रेफरबद्दल @फिरतीवर खरं बोलले. पण आम्ही रेफर का करतो? रुग्ण इथे दगावला तर जमाव माझ्या क्वार्टरवर येतो. वाटेत दगावला तर कुणी विचारत नाही. ही भीती मनात ठेवून कोणी रुग्ण थांबवून घेणार नाही. तेव्हा तो सहीशिक्क्याचा कागद गाडीत हवा आणि माझ्या टेबलावरही हवा, एकच, शब्दही तेच.

तुरीचं_शेत

डॉक्टरसाहेब, तुमच्यासारखे मुक्कामी राहनारे असन तं भांडनच नाही. मी त रात्री दोनले बी बापाले तुमच्याकडेच आनीन. माहं म्हननं येवढंच का ज्या पीएचसीत रात्री डॉक्टर आहे थिच्यातच गाडी वळवा. बाकीच्यात नाही.

फिरतीवर

@तुरीचं_शेत, हे तुम्ही नेमकं सांगितलंत. रोज संध्याकाळी प्रत्येक पीएचसीनं आज रात्री डॉक्टर आहे की नाही, एवढंच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचं आणि ते आमच्या गाडीपर्यंत यायचं. यंत्रसामग्री लागत नाही, बजेट लागत नाही. 'नाही' असं रोज लिहायची वेळ आली तर वरच्यांनाही दिसेल.

सातपुड्यापल्याड

धारणीवरून. अमरावती आमच्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, मधे घाट. आमच्याकडे उपकेंद्रांचं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय, तिथे सीएचओ असतात, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. दिवसा त्यांना ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरशी बोलता येतं. मला वाटतं बीपीची गोळी संपली, साखर वाढली, जुनी कंबरदुखी असे जे रुग्ण शेवटी रात्री १०८ ला फोन करतात, त्यांची गोळी दिवसा गावातच मिळाली असती तर तो फोन झालाच नसता. महिनाभराच्या गोळ्या एकदम द्यायला लावा. कोरकू ढाण्यावरून, म्हणजे वस्तीवरून, दर आठवड्याला कोण चालत येणार? नेट नसलं की ई-संजीवनी नाही, हेही तितकंच खरं.

फोनवर नुसता सल्ला हवा असेल तर १०४ आहे, पण गावात कितीजणांना ठाऊक आहे? गाडीवर १०८ मोठ्या अक्षरात लिहिलंय म्हणून तोच नंबर पाठ होतो. दवाखान्याच्या भिंतीवर १०४ ही तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा.

पैनगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. मी आमच्या पीएचसीच्या रुग्ण कल्याण समितीवर आहे, पुढची बैठक याच महिन्यात आहे. माझी मूळ मागणी आता बदलतोय. 'कमी तातडीचे रुग्ण पीएचसीत न्या' एवढंच मागितलं तर उद्या एखाद्याला कुलपासमोर उतरवलं जाईल, हे पटलं.

म्हणून ठराव असा मांडणार आहे. रात्रीच्या डॉक्टरची माहिती रोज गाडीपर्यंत जावी. गाडीत आणि पीएचसीत एकच लेखी कागद असावा. त्यात फवारणी, सिकलसेल, गरोदर बाई, उन्हातला म्हातारा आणि छातीत जळजळणारा पन्नाशीपुढचा माणूस हे 'साधे' धरू नयेत असं नावानिशी लिहिलेलं असावं. पीएचसीत सोडलेला रुग्ण बिघडला तर त्याच गाडीला पहिल्या प्राधान्यानं परत बोलावता यावं. आणि वरच्या दवाखान्यानं रेफर करताना नेमकं काय नव्हतं ते चिठ्ठीवर लिहावं: डॉक्टर, मशीन, रक्त की खाट.

@पहिला_मुक्काम, कागदाचा कच्चा मसुदा तुम्ही कराल का? भाषा अशी ठेवा की आशाताईलाही वाचून दाखवता येईल. @मोहफूल, माडिया आणि गोंडीत धोक्याच्या खुणा बोलून रेकॉर्ड करून देणारं कुणी असेल तर कळवा.

पहिला_मुक्काम

करतो. रविवारपर्यंत इथेच टाकतो. @फिरतीवर, गाडीत प्रत्यक्ष कोणती साधनं चालू असतात ते मला कळवा. बंद पडलेल्या ग्लुकोमीटरवर आधारलेला नियम मला लिहायचा नाही.

साधी_आशा

ठरावात एक ओळ माझी पण घाला. पीएचसीत सोडलेल्या माणसाला सकाळी घरी कसं सोडणार ते लिहा. १०२ ची गाडी बाळंतिणीला सोडायला गावात येतच असते, त्याच वाटेवरच्या म्हाताऱ्याला बसवून घ्यायची परवानगी मागा. रात्री दाराशी आम्हीच उभ्या असतो. घरी परत कसे येऊ, हे सांगता आलं तर लोकं पीएचसीत जायला तयार होतात.

पैनगंगाकाठ

घालतो ताई. तीच पहिली ओळ ठेवतो.